२५ जून: लॉर्ड्सवरचे दोन शनिवार

आज २५ जून. सकाळपासून तुमच्या स्टेटसवर कपिल देव कप उचलून उभा असणार. असू दे, माझ्याही आहे. पण या तारखेची गोष्ट १९८३ च्या ५१ वर्षं आधी सुरू होते, आणि तीही त्याच मैदानावर.

२५ जून १९३२, लॉर्ड्स. भारताची पहिलीवहिली टेस्ट, कॅप्टन सी. के. नायडू. इंग्लंडची बॅटिंग सुरू झाली आणि मोहम्मद निसारने सटक्लिफ, होम्स दोघांच्याही दांड्या उडवल्या. मग वूली रनआउट. १९ वर ३! पुढे इंग्लंड सावरलं आणि आपण १५८ रन्सनी हरलो, ते सोडा. त्या मॅचमधलं एक नाव मात्र लक्षात ठेवा: जनार्दन नवले. आपल्या फुलगावचे, विकेटकीपर. टेस्टमध्ये भारताकडून पहिला बॉल खेळले ते हेच. रन्स केले १२. आयुष्यात टेस्ट मिळाल्या फक्त दोन.

हरलेल्या टीमला हीच तारीख पुन्हा भेटते, हे फुटबॉलमध्येही झालंय. २५ जून १९७८, वर्ल्ड कप फायनल. १-१ असताना शेवटच्या मिनिटाला नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंकचा बॉल पोस्टवर आपटला. एक्स्ट्रा टाइममध्ये अर्जेंटिना जिंकली. बरोबर १० वर्षांनी, २५ जूनलाच, व्हॅन बास्टेनच्या त्या अशक्य व्हॉलीने नेदरलँड्स युरो चॅम्पियन!

आता १९८३. (वार मोजायची मला खोड आहे. १९३२ ला शनिवार होता, १९८३ लाही शनिवारच.) सगळे रिचर्ड्सच्या कॅचबद्दल बोलतात. भारीच होता तो, पण मला विचाराल तर मॅच आधीच फिरायला लागली होती. आपण १६१ वर ९. शेवटची जोडी किरमाणी आणि संधू. मार्शलचा बाउन्सर संधूच्या हेल्मेटवर आदळला, तरी गडी हलला नाही. दोघांनी २२ रन्स जोडले, आपले झाले १८३. मग हाच संधू, आपला मुंबईकर, नवा बॉल घेऊन आला. बॉल बाहेर जाणार म्हणून ग्रीनिजने बॅट वर उचलली, आणि तो आत शिरला. दांडी गुल! वेस्ट इंडिज १४० ऑलआउट, आपण ४३ रन्सनी जिंकलो.

संधूचा तो बॉल यूट्यूबवर आहे, आज नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!