दप्तर जपले, वाचणार कोण?



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी जुन्या कागदांचा विषय काढावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या प्रांतातील मराठीचे वास्तव्य आपल्या मंडळाहून पुष्कळ जुने आहे आणि त्याची साक्ष त्या कागदांतच आहे, म्हणून तो काढणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तंजावरचे भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या कुळाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. तो दगड आजही उभा आहे. मात्र दरबाराचा खर्च, दानधर्म, छत्रांचा कारभार हे सारे मोडी लिपीत कागदावर उतरले. आणि कागदास वाळवी, दमट हवा व दुर्लक्ष असे तीन वैरी.

१९८१ मध्ये तंजावर येथे स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह तीन खंडांत १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. भाषा आपली, राजे आपले. पण वाचण्याचे श्रम घेतले ते तमिळ विद्यापीठाने! याबद्दल आपण कृतज्ञ असावे, आणि थोडे अंतर्मुखही व्हावे.

आपल्या चेन्नईतील उदाहरण घ्या. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या यांनी आयुष्यभर तमिळ ग्रंथ, नियतकालिके, जाहिराती, निमंत्रणपत्रिकादेखील जमविल्या. १९९२ मध्ये ते निवर्तल्यावर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, परंतु परदेशी न नेता चेन्नईतच ठेवला. १९९४ मध्ये त्यातून संशोधन ग्रंथालय उभे राहिले. प्रथम सूक्ष्मचित्रफिती आणि पुढे संगणकीय प्रती तयार झाल्या. जतनाचा हाच राजमार्ग होय: मूळ वस्तू तिच्या भूमीत, प्रती अभ्यासकांच्या हाती.

मात्र छायाचित्र काढले की काम संपले, ही समजूत घातक आहे. मूळ कागद टाकून देता येत नाही. संगणकीय प्रतही निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी लागते, कारण तबकड्या निकामी होतात आणि यंत्रे जुनी होतात. शिवाय कोणत्या रुमालात कोणता कागद, कोणत्या सालचा, कोणाचा, ही सूची नसेल तर हजारो चित्रे म्हणजे किल्ली हरवलेली कोठी. आणि सूची करावयाची तर मोडी वाचता आली पाहिजे. या लिपीत ओळीची शिरोरेषा आधी ओढतात, शब्द तोडीत नाहीत, संक्षेपांचा सुकाळ असतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर टंकित करता येते; पण शिकस्त हस्ताक्षरापुढे जाणत्या डोळ्यालाच शरण जावे लागते.

म्हणून आमची मंडळास दोन विनवण्या आहेत. पहिली, वाचनालयात आठवड्यातून एक तास मोडीचा वर्ग सुरू करावा. तंजावरी मराठी कुटुंबांनाही त्यात अगत्याने बोलवावे. दुसरी, आपापल्या घरातील जुनी पत्रे, वह्या, कुलवृत्तान्त तपासावेत. त्यांवर चिकटपट्टी लावू नये, ते प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत. कोरड्या जागी सुती कापडात बांधावेत, त्यांचे चित्र घ्यावे आणि मागे नाव-साल पेन्सिलीने लिहावे.

पुढील पन्नास वर्षांनी येथील मुलांनी हे कागद उघडले, तर त्यांना ती केवळ नक्षी वाटू नये, एवढीच आमची इच्छा आहे.