सुट्टीतील उमेदवारी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हिवरखेड येथे केलेले भाषण)



मंडळाने आज येथे चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. आम्ही काही विद्वान नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारे आयुष्य मुलांच्या संगतीत घालविलेले आम्ही एक निवृत्त शिक्षक आहोत. तेव्हा आम्ही बोलावे ते मुलांविषयीच, हे उचित होय. गेल्या काही वर्षांत आपल्या सुतार समाजातील काही मुलेमुली उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोला, अमरावती अशा ठिकाणी जाऊन डिझाईनचा व्यवसाय करणाऱ्या जाणत्या माणसांच्या हाताखाली महिना-दीड महिना काम करून आली. ह्या प्रकारास हल्ली इंटर्नशिप असे म्हणतात. आपल्या भाषेत त्यास जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी. ज्याच्या मनात उमेद आहे तो उमेदवार. ह्या मुलांस काय अनुभव आले आणि त्यांपासून आपण काय घ्यावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझाईन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दरवाजाच्या चौकटीवरची वेलबुट्टी उभी राहते. नक्षी हा त्याचा अल्पसा भाग आहे. वस्तू कोण वापरणार, कोठे वापरणार, ती कशाची करावी, मोडली तर कशी दुरुस्त व्हावी आणि घेणाऱ्यास कितीत परवडावी, ह्या सर्वांचा विचार करून मग हत्यार हाती घेणे, ह्याचे नाव डिझाईन. ह्या अर्थाने पाहता आपले पूर्वज पिढ्यान्पिढ्या हेच करीत आले. वऱ्हाडातील तिफणच पाहा. फणांमधील अंतर पिकाप्रमाणे ठेवावयाचे, चाड्यात सोडलेले बी तिन्ही नळ्यांत सारखे वाटले जावयाचे, आणि पुढे पीक उगवल्यावर डवरा त्याच ओळींमधून रोपास न दुखविता चालला पाहिजे, हे पेरणीपूर्वीच मनात धरावयाचे. एवढा विचार ज्या हातांनी केला त्यांस कोणी अडाणी म्हणू नये.

ही गोष्ट परदेशी माणसांच्याही ध्यानात आली होती. १९५८ साली चार्ल्स ईम्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे हिंडले आणि त्यांनी सरकारास एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी मोठा गौरव केला तो आपल्या घरोघरच्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यावा, भरलेला असताना व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहावा, धार कशी पडावी, तो आतून घासता कसा यावा, असे प्रश्न एका साध्या भांड्यात कसे सुटले आहेत, हे त्यांनी दाखविले. त्याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाईन संस्था स्थापन झाली.

मग आपली अडचण कोठे आहे? आमच्या मते ती शिकविण्याच्या रीतीत आहे. मुलगा बापाशेजारी बसला, त्याने रंधा मारताना पाहिले, पटाशी धरली, दोन वेळा बोट कापून घेतले आणि तो तयार झाला. हात उत्तम तयार झाला. परंतु 'असेच का?' हा प्रश्न त्याने विचारला की घरात उत्तर मिळे, 'असेच असते'. वस्तू बदलत नव्हती तोपर्यंत ह्या उत्तराने भागले. शेतात ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले, घरात कारखान्यातील तयार कपाट आले, आणि खळ्यावरचे बलुते तर त्याआधीच गेले होते. तेव्हा ज्याच्या हातात कसब होते त्याच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला आणि नव्या प्रश्नाची त्यास सवय नव्हती. ही सवय परक्या गुरूजवळ लवकर लागते, कारण परका गुरू काहीही गृहीत धरीत नाही. आमचे आजचे सारे म्हणणे ह्या एका वाक्यात आहे.

आता मुलांचे अनुभव ऐका. नावे सांगत नाही, कारण मुलांची नावे लहानपणीच व्यासपीठावरून गाजविणे आम्हांस पसंत नाही.

दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा अकोल्यास लाकडी सामानाचे आराखडे करणाऱ्या एका गृहस्थांकडे राहिला. घरी त्याने बाकडी, पाट, खिडक्या केलेल्या होत्या; त्यामुळे पहिल्या दिवसापासून आपणास करवत मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. पहिला आठवडा त्यास मिळाली ती केवळ वही आणि मोजपट्टी. लहान मुलांच्या शाळेसाठी बाक करावयाचा होता. गुरूंनी सांगितले, आधी मुले मोज. मुलगा शेजारच्या वस्तीतील पोरांच्या गुडघ्यांची आणि कोपरांची उंची मोजीत फिरला. संध्याकाळी कागदावर मांडल्यावर त्याच्या ध्यानात आले की, आपल्या वडिलांच्या कामठ्यात ज्या मापाचे बाक पिढ्यान्पिढ्या होत आले त्यांवर पहिलीच्या मुलाचे पाय लोंबकळतच राहतात. मग पुठ्ठ्याचा नमुना झाला. तो डुगडुगला. दुसरा झाला, त्यात बसलेल्या मुलास उठताना शेजाऱ्यास उठवावे लागे. तिसरा लाकडात उतरला. मुलगा आम्हांस म्हणाला, 'गुरुजी, दोन नमुने फुकट गेले.' आम्ही म्हटले, 'बाळा, फुकट गेला तो पुठ्ठा. लाकूड वाचले ना?'

ह्याच हकीकतीचा उत्तरार्ध अधिक गोड आहे. सुट्टी संपताना ते गृहस्थ मुलास पोचविण्यास त्याच्या गावी आले. मुलाचे वडील नाखूषच होते. आपल्या पोरास एका परक्याने महिनाभर पुठ्ठे कापावयास लावले, असे ते चारचौघांत बोलून गेले होते. पाहुण्यांची नजर ओसरीवरच्या जुन्या पाळण्याकडे गेली. त्यात एकही खिळा नव्हता. सारे सांधे कुसवाचे. पाहुणे खाली बसले आणि तो सांधा कसा घ्यावयाचा हे त्यांनी वडिलांकडून तासभर समजून घेतले. जाताना ते नमस्कार करून गेले. त्या दिवसापासून त्या घरात पुठ्ठ्याची थट्टा बंद झाली.

दुसरी हकीकत एका मुलीची आहे. ती अमरावतीस मावशीकडे राहून छपाईचे आराखडे करणाऱ्या एका बाईंकडे जात असे. तिच्याकडे काम आले ते एका बचतगटाच्या मसाल्याच्या पुडीचे. तिने प्रथम फुले, वेली, सोनेरी रंग अशी भरगच्च पुडी काढली. बाईंनी काही न बोलता ती पुडी चष्मा न लावलेल्या एका वृद्ध गिऱ्हाइकाच्या हाती दिली आणि किंमत व तारीख वाचावयास सांगितले. त्यांना वाचता येईना. मुलगी त्या रात्री पुष्कळ रडली, असे तिच्या मावशीने आम्हांस सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी नक्षी पुसली आणि अक्षर मोठे केले. देवनागरी अक्षराची काना-मात्रा कोठे दाटते आणि कोठे मोकळी राहते, हे ती पुढचा सारा महिना शिकली. संगणकावर आज सर्वत्र आढळणारा 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी ह्या मराठी सुलेखनकारांनी घडविला, हे तिला तेथेच कळले. आपल्या अक्षरावरही कोणी आयुष्य वेचतो, ह्याचे तिला नवल वाटले.

मुलीस परगावी पाठवावे की नाही, ह्याविषयी तिच्या घरी पुष्कळ चर्चा झाली होती. तिच्या आईने शेवटी एवढेच म्हटले की, कोल्हापूरच्या भानू अथैया ह्यांच्या घरच्यांनी त्यांच्या हातातील कुंचला काढून घेतला असता, तर वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती १९८३ साली महाराष्ट्रातून उभी राहिली नसती. आमच्या हाती वेळ असता तर आम्ही त्या माउलीसच आज येथे बोलावयास उभे केले असते.

गुरूच्या हाताखाली अशी पडेल ती कामे करून थोर झालेली माणसे महाराष्ट्रात नवी नाहीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले, कारागिराच्या घरी वाढलेले. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० साली व्ही. शांताराम हा विशीही न गाठलेला तरुण दाखल झाला आणि मिळेल त्या कामातून तो चित्रपटाचे प्रत्येक अंग शिकला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले, परंतु काही रंग त्यांस नीट ओळखता येत नव्हते. तेव्हा त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाची वाट धरली, आणि त्या रेखाटनातूनच पुढे त्यांचा लोखंडी नांगर निघाला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली ग्रामीण मुले तेथे जाणत्यांच्या हाताखाली घरे बांधू लागली, यंत्रे करू लागली. त्याच खेड्यात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या साहाय्याने आधुनिक यंत्रांची 'फॅब लॅब' उभी राहिली. पाबळ हे अवर्षणाच्या पट्ट्यातील गाव; तेथे जे झाले ते सातपुड्याच्या पायथ्याशी होणार नाही असे कोण म्हणेल?

परंतु बंधुभगिनींनो, सर्वच अनुभव गोड नाहीत, आणि तेही आपण ऐकले पाहिजेत. एका मुलास महिनाभर चहा आणणे, झाडलोट करणे आणि जिन्यावरून सामान चढविणे, ह्याखेरीज काहीही शिकविले गेले नाही. परत आला तेव्हा तो म्हणाला, 'मला तेथे कोणी नावाने हाकसुद्धा मारली नाही.' हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. झाडलोटीची आम्हांस लाज वाटत नाही. कामठा झाडल्याशिवाय काम सुरू होत नाही. पण ज्या उमेदवारीत झाडू मिळतो आणि विद्या मिळत नाही ती वेठबिगार होय. म्हणून मंडळाने पालकांच्या वतीने काही अटी आधीच बोलून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली अट वयाची. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांसही धोक्याच्या कामास लावता येत नाही. विजेच्या गोल करवतीपुढे आपले पोर उभे राहता कामा नये, मग ती करवत परक्याची असो वा घरची. दुसरी अट अशी की, मूल काय शिकणार, किती तास थांबणार, जेवणाची व येण्याजाण्याची सोय काय, हे कागदावर लिहिलेले असावे. तिसरी अट अशी की, सुट्टीच्या शेवटी मुलाच्या हाती स्वतः केलेली एक तरी वस्तू असावी, मग ती कशीही वेडीवाकडी असो. चौथी अट मुलींसाठी: राहण्याचे ठिकाण नात्यातले किंवा खात्रीचे असावे, आणि गुरुस्थानी शक्य तेथे स्त्री असावी.

आता शेवटची आणि थोडी अवघड गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांजवळ उमेदवारी करावी, आणि पुढील इयत्तांतही सुट्टीत अशी संधी मिळावी. ज्यांच्या दारी मुलांस पाठवावयाचे त्यांत सुताराचे नाव आले आहे. म्हणजे आपण केवळ शिष्य पाठविणारे राहिलो नाही, गुरूही झालो. उद्या शाळेतील शिक्षक सर्व जातींची मुले घेऊन आपल्या कामठ्यात येतील. त्या दिवशी आपण काय करणार? 'ही आमच्या घरची विद्या, ती बाहेर कशाला?' असे म्हणणारे वृद्ध आपल्यांत आहेत, त्यांची भीती आम्ही जाणतो. ज्याच्याजवळ शेत नाही त्याचे कसब हेच शेत, आणि शेताचा बांध कोणी सहज मोडू देत नाही. परंतु विद्या कुलुपात ठेवल्याने टिकली असती तर बिनखिळ्याचा पाळणा करणारे हात आज गावोगावी दिसले असते. ते दिसत नाहीत. आपलीच मुले ती सोडून गेली, कारण तिला बाहेर मान नव्हता. जेव्हा तेली, माळी, कुणबी, बौद्ध, मुसलमान अशा सर्वांची मुले आपल्या अंगणात बसून गुण्या आणि खतावणी हाती धरतील, तेव्हा आपले पोर आपल्या बापाकडे नव्या डोळ्यांनी पाहील. आपल्या मुलांनी परक्याच्या दारी शिकावे असे म्हणावयाचे असेल, तर आपले दारही उघडे असले पाहिजे.

ज्या मुलांस ह्या वाटेने पुढे जावयाचे आहे त्यांस दारे पुष्कळ आहेत. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ पासून आहे, मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाईनचे केंद्र आहे, आणि राष्ट्रीय डिझाईन संस्था आता वऱ्हाडास त्यामानाने जवळ अशा भोपाळ येथेही आहे. प्रवेशपरीक्षा कठीण असतात. परंतु ज्याने पहिलीच्या मुलाचे गुडघे मोजून बाक केला आहे त्यास त्या परीक्षेत सांगण्यासारखे काहीतरी असते.

मंडळास आमची नम्र विनंती अशी की, येत्या सुट्टीपूर्वी दोन याद्या कराव्यात: एक, उमेदवारीस जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची, आणि दुसरी, आपल्या कामठ्यात कोणत्याही जातीच्या मुलास दहा दिवस शिकविण्यास तयार असलेल्या कारागिरांची. पहिली यादी भराभर भरेल ह्याची आम्हांस खात्री आहे. दुसरी यादी किती भरते, ह्यावरून आपला समाज किती पुढे गेला हे कळेल.