मोटारीच्या दिव्यांची नजर

रात्रीच्या प्रवासात मोटारीचा दिवा चालकाला वाट दाखवतो; परंतु तोच दिवा किंचित वर रोखलेला असला, तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. हा दोष पुष्कळदा घरच्या घरी दूर करता येतो.

चाकांत योग्य हवा भरून, चालकाच्या आसनावर कोणी बसलेले असताना, मोटार सपाट जागी भिंतीसमोर सरळ उभी करावी. दिव्यांपासून भिंत १० मीटरांवर असावी. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर एक रेघ ओढावी व तिच्याखाली १० सेंटिमीटरांवर दुसरी. मग मंद झोत लावून, दिव्यामागील स्क्रू फिरवीत, प्रकाशाची सपाट वरची कडा खालच्या रेघेवर आणावी. ही उतरण शेकडा एक होय. निर्मात्याने निराळा आकडा दिला असल्यास तोच पाळावा. दिवा ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर ती कडा ६५ मीटरांवर रस्त्याला टेकते. भारतात वाहने डावीकडून चालतात. म्हणून कडा डावीकडे वर चढलेली दिसली, तर तो दोष नव्हे. पादचारी दिसावा यासाठी केलेली ती योजना आहे.

झोत खाली कललेला असावा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात. परंतु काळोख्या घाटात नियमाचा पहारेकरी उभा नसतो. तेथे अनोळखी प्रवाशाची सुरक्षितता चालकाच्या सौजन्यावरच विसंबून असते.