खोटे श्रोते, खरी धडधड



आज बोलणाऱ्यांत माझं नाव वाचून काही जण नक्की हसले असतील. नववीतलं पंधरा ऑगस्टचं माझं भाषण आठवतंय ना? 'पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथवर गाडी नीट आली. टिळकांचं नाव घेतलं आणि पुढचं सगळं कोरं. तळवे ओले, तोंडाला कोरड, पाय लटलटत होते. खाली उतरले ती थेट मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन बसले.

ही भीती चांदीपहून इंजिनिअरिंगला आणि तिथून नोकरीत माझ्याबरोबर आली. टीम लीडची जागा मी दोनदा नाकारली, कारण दर महिन्याला ग्राहकांसमोर उभं राहावं लागणार होतं. घरी सांगितलं, मुलगी लहान आहे.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसात सरावासाठी व्हीआर हेडसेट आला. डोळ्यांवर चढवला की सभागृह दिसतं, खुर्च्यांवर माणसं दिसतात. ती माणसं म्हणजे निव्वळ प्रोग्राम, आणि प्रोग्राम लिहिण्यावरच माझं घर चालतं! तरी तोंड उघडलं आणि मनगटावरच्या घड्याळात नाडी 76 वरून 121 वर गेली.

मग मी यावर वाचायला लागले. 1993 साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं तोंडी गणित: 1022 मधून 13 वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या परीक्षकांनी हसायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. अॅड्रेनलिन काही सेकंदांत धावतं, म्हणून छाती धडधडते. कॉर्टिसॉल सावकाश मागून येतं आणि लाळेत मोजता येतं. हीच चाचणी पुढे व्हीआरमध्ये झाली. तिथेही दोन्ही वाढलं. खऱ्या माणसांपुढे वाढतं त्यापेक्षा साधारणपणे कमी, पण वाढलं.

दुसऱ्या एका प्रयोगात परीक्षक हसरे, मान डोलावणारे ठेवले. बोलायचं तेवढंच, पण कॉर्टिसॉल तसं वाढलं नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबले. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या रांगेत कोण बसायचं? खाली मान घालून गुण लिहिणारे!

गांधीजींचंही मुंबईत हेच झालं होतं. 1896 च्या सभेत ते थरथरत होते. फिरोजशहा मेहता त्यांना धीर देत म्हणत होते, मोठ्याने बोला, आणखी मोठ्याने. तसतसा आवाज आणखी खाली जात गेला. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. 'मोठ्याने बोल' हे आपणही कितींना ओरडून सांगितलंय!

मी चार महिने आठवड्यातून दोनदा त्या खोट्या लोकांपुढे बोलले. धडधड गेली नाही. सुरुवातीला नाडी चढतेच, पण आता दोन-तीन मिनिटांत उतरते. मागच्या वर्षी टीम लीडची जागा तिसऱ्यांदा समोर आली, ती घेतली. मुलीला खरं कारणही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

आत्ता घड्याळ 114 दाखवतंय. सुरुवातीला 130 होतं. दुसऱ्या रांगेत आमच्या मराठीच्या बाई बसल्यात आणि मघापासून मान डोलावतायत. बाई, नववीत त्या दिवशीही तुम्ही मान डोलावत होतात, मी खाली बघत होते म्हणून दिसलं नाही, असं परवा मैत्रिणीने सांगितलं.

टिळकांवरचं ते भाषण अजून पाठ आहे. जेवणानंतर कुणाला ऐकायचं असेल तर सांगा.