दान, दया आणि रंगमंच



अपंगांना मदत करावी की नाही, यावर या सभागृहात मतभेद होणार नाही. प्रश्न आहे तो, मदत कशासाठी करावी, हा. अन्न, वस्त्र, औषध यांसाठी आपली थैली सुटते. पण एखाद्याने चित्रे काढावयास रंग मागितले, तर 'ही चैन कशाला?' असे आपण म्हणतो. भाकरी दिली म्हणजे माणसाचे देणे फिटले, ही समजूत बरोबर नाही.

जर्मनीतील आर्नुल्फ एरिख श्टेगमान यांचे हात पोलिओने बालपणीच लुळे पडले. ते तोंडात कुंचला धरून चित्रे काढू लागले. १९५६ साली त्यांनी आपल्यासारख्याच चित्रकारांचा संघ स्थापन केला. तोंडाने वा पायाने काढलेली ही चित्रे शुभेच्छापत्रांवर व दिनदर्शिकांवर छापून विकली जातात. त्या उत्पन्नातून चित्रकारांना मानधन आणि शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळते. पुढे प्रकृतीमुळे कुंचला धरणे अशक्य झाले, तरी सभासदाचे मानधन थांबत नाही. भिक्षा नको, काम हवे, हा या संघाचा बाणा आहे.

हा बाणा आपणांस परका नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते दानापेक्षा श्रमावर श्रद्धा ठेवून. तेथेच डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद निघाला आणि अपंग व कुष्ठमुक्त कलावंतांनी गावोगावी रसिकांपुढे आपली कला सादर केली.

मग आपल्या गावच्या दात्यांनी काय करावे? वर्षातून एकदा अपंग मुलांना रंगमंचावर उभे करून टाळ्या वाजविणे सोपे आहे. पण त्या टाळ्या कलेला असतात, की आपल्याच कनवाळूपणाला? त्यापेक्षा शिक्षकाचे वेतन द्यावे, वाद्ये द्यावीत, तालमीला जाण्यायेण्याची सोय करावी. कार्यक्रम झाला की बिदागी द्यावी. आणि गाणे बेसूर झाले, तर तसे स्पष्ट सांगावेही. चाकाच्या खुर्चीतील गायकाला रंगमंचावर जाता यावे, म्हणून उतार बांधावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आहे. पण पुष्कळ नाट्यगृहांच्या पायऱ्या अजून तशाच आहेत.

असा उतार बांधणाऱ्याचे नाव फलकावर नसले तरी चालेल. कलावंताचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेत असावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.