हक्क सोडणारी आणि हक्कच नसलेले
(हिंगोली येथील भाषण)



घटनेच्या १४व्या कलमात दोन अभिवचने आहेत : कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. दुसऱ्याची खरी कसोटी मालमत्तेच्या वाटणीत लागते.

हिंगोली-वसमतच्या हळदीच्या रानात लावणीपासून हळद वाळविण्यापर्यंत स्त्री राबते. सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. परंतु आधी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद मिटला. त्यावेळी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तरीही माहेर तुटेल या धास्तीने बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा उठवते. कायद्याने दिलेले परावलंबन हिरावून नेते.

समलिंगी जोडीदारांपाशी तर सोडावयासही हक्क नाही. २०१८ साली त्यांचे प्रेम गुन्हा राहिले नाही; २०२३ साली विवाहाचा हक्क नाकारला गेला. दोघांनी कष्टाने घर उभारावे, ते एकाच्या नावावर असावे, आणि तो मृत्युपत्र न करता वारला तर घर नातेवाइकांकडे जावे, हे कसले समान संरक्षण?

श्रम ज्याचे, त्याचा वाटा, हे समाजवादाचे पहिले सूत्र. ते कुटुंबाच्या उंबरठ्यापाशी थांबता कामा नये. सोबत्याच्या वारसाहक्काचा कायदा संसदेकडून मिळवावा लागेल. बहिणीचा हिस्सा सातबाऱ्यावर चढविण्यास मात्र कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्या घरापासून करावा.