मॅनेजरसाहेबांना कसे पटवाल?

मंडळी, तुमच्यापैकी कोणी पतसंस्थेत कारकून आहे. कोणाची सून डेअरीत संगणकावर बिले करते. आजचे बोलणे त्यांच्याकरिता. बाकीच्यांनीही ऐकावे, संस्थेचा पैसा आपलाच आहे.

संगणक सुरू झाला की आत एक कारभारी जागा होतो. लिहिणे, छापणे, कागद जपून ठेवणे, सगळ्यांवर त्याची देखरेख. पुष्कळ कचेऱ्यांत हा कारभारी म्हणजे विंडोज. त्याला पैसे पडतात, आणि त्याची घडण कंपनी उघड करीत नाही. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर बसत नाही. मग काय, चालता संगणक भंगारात घालायचा?

दुसरा कारभारी आहे, लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. घरचे बी शेजाऱ्याला द्यावे, तसा तो कोणालाही देता येतो. केरळात सरकारी शाळांतली मुले त्यावरच संगणक शिकतात.

साहेबांपुढे मात्र "फुकट आहे" हे पहिले वाक्य नको. फुकट म्हटले की माणूस बिचकतो. त्यांची काळजी वेगळीच असते. "उद्या हिशेब अडला तर सभासदांना काय सांगू?" हा प्रश्न रास्त आहे, बरं का!

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने काय केले पहा. २००५ साली त्यांनी विंडोज तसेच ठेवले. फक्त पत्रे नि तक्ते करण्याचा मुक्त प्रोग्राम आणला. लोकांचा हात बसला. मग २००८ पासून उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, बसवायला घेतला. तुम्हीही एवढेच मागा: "साहेब, हिशेबाच्या संगणकाला हात लावत नाही. कोपऱ्यातला जुना संगणक महिनाभर द्या."

जर्मनीत म्युनिक शहराच्या कचेऱ्यांनी लिनक्स घेतले होते, पण २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरले. हेही लपवू नका. साहेबांना ते कधीतरी कळेलच.

पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवूनही बघता येते. आधी छपाईचे यंत्र जोडा. जुन्या फाँटमधली मराठी पत्रे नीट उमटतात का, ते तपासा. एक पावती छापून निघाली, की मग साहेबांना हाक मारा.